प्लेग की मानमोडी: इंदूरवर कोणाचा घाव खोल?

मृत्यूचे आकडे पाहिले तर मानमोडी भारी. १९१८ च्या या इन्फ्लुएंझाने काही महिन्यांत देशभरात सव्वा कोटीहून अधिक माणसं नेली, असे बहुतेक अंदाज सांगतात. प्लेगला एवढे बळी घ्यायला दोन-तीन दशकं लागली. त्यातही मानमोडीने वीस ते चाळीस वयाची कमावती माणसं उचलली. घरात पाणी द्यायलाही कोणी उठू शकत नसे. आणि पळणार कुठे? रोग श्वासातून पसरणारा. मृत्यूच्या नोंदवहीत मात्र बऱ्याच ठिकाणी नुसतं ‘ताप’ लिहिलं गेलं. इतक्या जिवांची नीट नोंदही होऊ नये, याचं मला फार वाईट वाटतं.

प्लेगची चाहूल आधी लागे. घरात उंदीर पडला की लोक बिऱ्हाड आवरून गावाबाहेर झोपड्यांत जात. मग ताप, जांघेत किंवा काखेत गाठ. उंदरांवरच्या पिसवांतून तो पसरत असल्याने दाट वस्ती, धान्याची कोठारं, अंधाऱ्या खोल्या हे त्याचं घर. म्हणूनच त्याच्याशी झुंजता आलं. होळकरांनी बोलावलेल्या स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी इंदुरात दिवाळीला मिरवणूक काढली, त्यात प्लेगच्या उंदराची प्रतिमा होती. ज्या रस्त्यावर सर्वांत जास्त घरं साफ आणि दुरुस्त होतील, तिकडूनच मिरवणूक जाणार, ही अट! लोकांनी घरं उपसून काढली. १९१८ च्या त्यांच्या अहवालात सरसकट पाडापाडीऐवजी जुन्या वस्त्या हलक्या हाताने मोकळ्या करण्यावर भर आहे.

माणसं मानमोडीने जास्त नेली, पण शहराच्या रचनेवर खोल ठसा प्लेगचाच, असं माझं ठाम मत आहे.