स्टुडंटची टी-टेस्ट की वेल्चची?

दोन ग्रुपच्या सरासरीत खरंच फरक आहे का हे बघायचं असेल तर बहुतेक जण डोळे झाकून स्टुडंटची टी-टेस्ट लावतात (गॉसेटने १९०८ मध्ये 'स्टुडंट' या टोपणनावाने छापलेली). ती दोन्ही ग्रुपचा व्हेरियन्स (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत याचं माप) सारखाच आहे असं धरून चालते. वेल्चची टेस्ट असं काही धरत नाही, आणि खरा फरक तिथेच पडतो.

समजा एका ग्रुपमध्ये १० जण, स्टँडर्ड डेव्हिएशन (एसडी, म्हणजे व्हेरियन्सचं वर्गमूळ) १०, दुसऱ्यात ४० जण आणि एसडी फक्त २, सरासरीतला फरक ४. स्टुडंट सगळा डेटा एकत्र घोटून स्टँडर्ड एरर (सरासरीतल्या फरकाच्या अंदाजातली अनिश्चितता) काढते १.६६, म्हणजे टी (फरक भागिले स्टँडर्ड एरर) २.४१, पी (खरा फरक नसतानाही निदान इतका फरक दिसण्याची शक्यता) ०.०५ च्या खाली, झालं, फरक 'सिद्ध'! तोच डेटा वेल्चला दिला तर स्टँडर्ड एरर ३.१८, टी जेमतेम १.२६, आणि डिग्रीज ऑफ फ्रीडम (अंदाजामागे किती स्वतंत्र माहिती आहे तो आकडा) ४८ वरून थेट ९ च्या आसपास, म्हणजे नल हायपोथेसिस ('फरक नाहीच' हे गृहीतक) नाकारताच येत नाही.

व्हेरियन्स खरंच सारखे असतील तर स्टुडंटची ताकद (खरा फरक पकडण्याची क्षमता) किंचित जास्त, पण ती इतकी थोडी की मी तरी सरळ वेल्चच वापरा म्हणेन. आर (R) या स्टॅटिस्टिक्सच्या प्रोग्रॅमिंग भाषेत डिफॉल्ट वेल्चच आहे, पायथनच्या सायपाय लायब्ररीत मात्र स्टुडंट, तिथे सेटिंग आपल्यालाच बदलावं लागतं.