मास्टोडॉन डॉट पाय : धरणसाठ्याच्या बॉटसाठी वापरलेली लायब्ररी

खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांतील साठा आणि मुठेत सोडलेला विसर्ग यांचे आकडे पुणेकर पावसाळ्यात रोज शोधत असतात. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यालगतच्या एकतानगरीत पाणी शिरल्यापासून नदीकाठच्या रहिवाशांना तर ते वेळेवर कळणे फारच निकडीचे वाटते. आम्ही काही शेजारी हे आकडे एका फाईलमध्ये नोंदवतो आणि एक छोटा बॉट, म्हणजे आपोआप पोस्ट करणारा प्रोग्रॅम, ते मास्टोडॉन या अनेक स्वतंत्र सर्व्हरांवर चालणाऱ्या समाजमाध्यमावर प्रसिद्ध करतो. त्यासाठी आम्ही मास्टोडॉन डॉट पाय ही पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेची मोफत, मुक्तस्रोत लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, वापरली. साध्या बॉटसाठी मी ती निःसंकोच सुचवेन, कारण दुसऱ्याच्या सर्व्हरवर बॉटने कसे वागावे याची बरीचशी काळजी ती स्वतःच घेते.

सुरुवात सोपी आहे. खात्याच्या सेटिंग्जमधील डेव्हलपमेंट विभागात नवीन ॲप्लिकेशन नोंदवले की ॲक्सेस टोकन, म्हणजे बॉटला खाते वापरू देणारी गुप्त किल्ली, मिळते. ते आणि सर्व्हरचा पत्ता लायब्ररीला दिला, की स्टेटस पोस्ट या एकाच फंक्शनने मजकूर प्रसिद्ध होतो. परवानग्या मात्र लागतील तेवढ्याच द्याव्यात. भाषा मराठी असल्याची नोंदही याच फंक्शनमधून करता येते. मास्टोडॉनची नेहमीची मर्यादा ५०० अक्षरांची आहे आणि त्यात काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जात नाहीत, त्यामुळे चारही धरणांचे साठे, २९.१५ टीएमसी या एकूण क्षमतेशी त्यांचे प्रमाण आणि विसर्ग हे सारे एका पोस्टमध्ये आरामात बसते.

मला सर्वांत मोलाची वाटली ती दुबार पोस्ट टाळण्याची सोय. मजकूर सर्व्हरपर्यंत पोहोचला, पण पोच परत येण्याआधीच इंटरनेट तुटले, तर बॉट तोच मजकूर पुन्हा पाठवतो; विसर्ग झपाट्याने वाढत असताना मागचा आकडा ताजा म्हणून पुन्हा दिसणे धोक्याचे आहे. प्रत्येक पोस्टसोबत आयडेम्पोटन्सी की, म्हणजे आपण ठरवलेली एक खूण, पाठवली की सर्व्हर दुसरी प्रत तयार करत नाही. आम्ही नोंदीची तारीख आणि वेळ हीच खूण म्हणून वापरतो. सर्व्हर ही खूण फक्त तासभर लक्षात ठेवतो, म्हणून त्याहून उशिरा पाठवायचे झाल्यास बॉटने आधी स्वतःची शेवटची पोस्ट तपासावी, आणि तेवढ्यापुरती वाचनाची परवानगी त्याला द्यावी लागते.

मास्टोडॉनवर एका खात्याला साधारणतः ५ मिनिटांत सर्व्हरला ३०० विनंत्या (पोस्ट टाकणे, वाचणे वगैरे) करता येतात. ही मर्यादा संपली तर लायब्ररी आपण काही न सांगताच थांबून राहते, आणि स्वयंसेवकांनी देणग्यांवर चालवलेल्या सर्व्हरांच्या दृष्टीने हे वागणे अगदी योग्य आहे. तातडीच्या सूचनांसाठी मात्र असे निमूट थांबणे बरे नाही. तिथे थांबण्याऐवजी एरर देण्याचा पर्याय निवडावा. लायब्ररीचे दस्तऐवज इंग्रजीत आणि विस्तृत आहेत, तरी नवशिक्याला त्यांतून नेमके हवे ते शोधायला वेळ लागतो.

सर्व्हरची निवड आणि तिथले नियम या बाबी लायब्ररीच्या कक्षेबाहेरच्या आहेत. खाते स्वयंचलित असल्याची खूण प्रोफाइलमध्ये आपणच करायची असते, आणि ती करावीच. खास बॉटसाठी चालवला जाणारा बॉट्सइन डॉट स्पेस हा सर्व्हर डिसेंबर २०२४ मध्ये नव्या पोस्टसाठी बंद झाला, तेव्हा स्थलांतराची तयारी आधीपासून असलेली बरी. कोडमध्ये केवळ पत्ता आणि टोकन बदलावे लागते, फॉलोअर खात्याच्या सेटिंग्जमधून नव्या खात्याकडे वळवता येतात, परंतु जुन्या पोस्ट सोबत नेता येत नाहीत. म्हणून आकड्यांची मूळ फाईल आपल्याकडे जपून ठेवावी.