फोरिंगरची परिचारिका की किंगची आई? भिंतीवर लावायला कोणतं पोस्टर घ्यावं

आमच्या वाचनालयात पहिल्या महायुद्धातलं मदतनिधीचं पोस्टर लावायचं ठरलं, तेव्हा जागा एकाचीच होती आणि निवडीत शेवटी दोन उरली. दोन्ही अमेरिकेतली. एक रेडक्रॉसचं ‘द ग्रेटेस्ट मदर इन द वर्ल्ड’, अलॉन्झो फोरिंगरने काढलेलं. दुसरं डब्ल्यू. बी. किंगचं ‘लेस्ट दे पेरिश’, म्हणजे ‘ते मरून जाऊ नयेत म्हणून’. डग्लस व्होकचं ‘दे शॅल नॉट पेरिश’ही मनात होतं. पण त्यात अमेरिकेचं रूप असलेली स्त्री तलवार घेऊन उभी आहे आणि एक मुलगी तिला बिलगली आहे. मदतीच्या चित्रात तलवार मला नको होती, म्हणून ते लवकर बाजूला पडलं.

चित्रकलेपुरतं बोलायचं तर फोरिंगर वरचढ आहे, हे आधीच मान्य करतो. पांढऱ्या वेशातली भव्य परिचारिका, तिच्या हातांत स्ट्रेचरवर जखमी सैनिक. येशूचा देह मांडीवर घेतलेल्या मरियमची मांडणी त्याने उघडपणे घेतली आहे. १९१८च्या मे महिन्यात रेडक्रॉसने १० कोटी डॉलरचा दुसरा युद्धनिधी उभारायला घेतला, डिसेंबरात सभासद नोंदणीची मोहीम काढली, आणि या चित्राचा भरपूर वापर केला. दुसऱ्या महायुद्धातही ते नव्याने काढलं गेलं. लोकांच्या मनात इतकं रुजलेलं चित्र लावायला कुणाला नको वाटेल? आम्ही दोन्हींच्या छापील प्रती काही दिवस शेजारीशेजारी लावून पाहिल्या, तेव्हा सुरुवातीला माझाही कल त्याच्याकडेच होता.

मग एक गोष्ट खुपायला लागली, आणि एकदा खुपली ती खुपलीच. त्या बाईच्या हातातला सैनिक बाळाएवढा आहे. धडधाकट वयाचा माणूस, युद्धात जायबंदी झालेला, आणि चित्रात तो तान्ह्यासारखा कडेवर मावतो. तिची नजरही त्याच्यावर नाही, वर आहे. चित्रकाराचा हेतू मला कळतो, सेवेला मातृत्वाची उंची द्यायची होती. पण परिणाम असा होतो की मदत करणारा मोठा होत जातो आणि ज्याला मदत हवी तो आक्रसत जातो. वाचनालयात येणारी मंडळी पोस्टरसमोर थांबायची, ‘किती सुंदर चेहरा’ म्हणायची आणि पुढे जायची. तो जखमी कोण, कुठल्या रणांगणावरचा, हे कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. तसं विचारावं असं त्या चित्रात काही नाहीच.

किंगच्या चित्रात देणारा कुठेच दिसत नाही. पडझड झालेल्या घरांपुढे एक बाई उभी आहे, पाठीवर मूल. खाली ३ कोटी डॉलरच्या निधीचं आवाहन आणि चार नावं: आर्मेनिया, ग्रीस, सीरिया, पर्शिया. एवढंच. पण या नावांमुळे माणसं थांबतात. ‘हे आर्मेनिया नक्की कुठं?’ असं एका शाळकरी मुलीने विचारलं आणि आम्ही नकाशा काढून बसलो.

त्या नकाशावर मला हवं ते सापडलं. एप्रिल १९१६मध्ये मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कूत अल-अमारा इथे ब्रिटिश फौज तुर्कांना शरण गेली. ती होती सहावी पूना डिव्हिजन, आणि तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. कैद झालेल्या शिपायांना वाळवंटातून चालवत नेलं. त्यातल्या कितीतरी हिंदी कैद्यांना आजच्या सीरियातल्या रास अल-ऐनच्या बाजूला बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपलं. हे तेच रास अल-ऐन, जिथे तुर्की सरकारने हद्दपार केलेल्या आर्मेनियन कुटुंबांचे तांडे छावण्यांत मेले, मारले गेले. पोस्टरवर ‘सीरिया’ वाचताना आता मला ते ठिकाण दिसतं. आपल्याकडचे लोक त्या दुःखाच्या इतक्या जवळ होते, हे सांगायला दुसरं कुठलं चित्र इतकं सोयीचं नाही.

त्यामागचं कामही पोस्टरच्या तोलाचं होतं. इस्तंबूलमधले अमेरिकन राजदूत हेन्री मॉर्गेन्थाऊ यांनी सप्टेंबर १९१५मध्ये या आर्मेनियनांसाठी मदतीची हाक दिली. त्यातून न्यूयॉर्कमध्ये समिती उभी राहिली, आणि १९१९मध्ये अमेरिकी संसदेच्या सनदेने तिची ‘निअर ईस्ट रिलीफ’ झाली. १९३०पर्यंत तिने सुमारे ११ कोटी ६० लाख डॉलर जमवले आणि लाखाहून जास्त अनाथ मुलांना सांभाळलं. या आकड्यांपुढे रेडक्रॉसचा निधी मोठा आहे, यात वाद नाही. पण पैसा कुणासाठी चालला आहे हे किंगचं पोस्टर तोंडावर सांगतं.

छपाईचं थोडं. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर या पोस्टरांच्या मोठ्या आकाराच्या प्रती मिळतात. फोरिंगर कुठल्याही कागदावर बरा उतरतो. किंगचं चित्र गडद आहे, चकचकीत कागदावर आमच्याकडे बाईचा चेहराच काळवंडला. मॅट कागद घ्या, आणि छापणाऱ्याला आधी एक छोटा नमुना काढायला सांगा. काचेची फ्रेम खिडकीसमोर आली तर दिवसा काहीच दिसत नाही, तेवढं बघा.

परिचर्या महाविद्यालयासाठी किंवा दवाखान्यासाठी घेत असाल तर फोरिंगर घ्या, तिथे त्या प्रतिमेचा मान आहे आणि बघणाऱ्यांना ती आपली वाटेल. शाळा, वाचनालय, घरातली बैठकीची खोली यांसाठी मात्र मी किंगकडे झुकेन. आमच्या भिंतीवर तेच आहे, आणि शेजारी त्या मुलीने रंगवलेला मेसोपोटेमियाचा नकाशाही टांगला आहे.