दोहाची डेझर्ट टूर: उंटांपाशी पाऊण तास, समुद्रापाशी वीस मिनिटं

जानेवारीत दुबईहून क्रूझ केली, त्यात कतारमधल्या दोहाला एक दिवसाचा मुक्काम होता, तर जहाजाच्याच काउंटरवर सकाळची डेझर्ट टूर बुक केली. साडेचार तासांची. मी, नवरा आणि माझी आई, वय ६८. बाहेर हीच टूर बरीच स्वस्तात मिळते हे आधीच सांगते, पण जहाजाची टूर घेतली की परतायला उशीर झाला तरी जहाज थांबतं, आपलं आपण गेलो आणि अडकलो तर जहाज टाटा करून निघून जातं, मग पुढचं बंदर गाठा स्वतःच्या खर्चाने. आई बरोबर असताना तो जुगार नको वाटला.

गाडी लँड क्रूझर, ड्रायव्हर पेशावरकडचा, हिंदी ऐकून एकदम खुलला. आईच्या कंबरेचं कळल्यावर तिला त्याने स्वतःहून पुढे बसवलं. हे काम खरं तर काउंटरवाल्यांचं, पाठदुखीवाल्यांनी येऊ नये असं तिकिटावर बारीक अक्षरात छापलंय पण विचारलं कोणीच नाही. सगळ्यात मागच्या सीटवर चुकूनही बसू नका, आमच्याबरोबरच्या जर्मन काकांचं डोकं दोनदा टपाला आपटलं.

मेसईदपर्यंतचा रस्ता कंटाळवाणा, हायवे आणि कारखान्यांच्या चिमण्या. पुढे सीलाइनला डांबर संपतं, तिथे सगळ्या गाड्या थांबून टायरमधली हवा सोडतात. एकदम दहा-बारा गाड्यांचं फुस्स्स. हवेचा दाब पस्तीस पीएसआयवरून पंधरा-सोळावर आणतात, टायर चपटा झाला की वाळूवर पसरून चालतो, नाहीतर रुततो. हवा सोडायला लागली पाच मिनिटं. उरलेली चाळीस मिनिटं उंट, ससाणा हातावर घेऊन फोटो (पैसे वेगळे) आणि शाली-किचेनची दुकानं. पंधरा मिनिटांचा स्टॉप म्हणाले होते! उंटावर बसायला कोणाची ना नाही हो, पण हे सगळं कुठून कापलं गेलं ते पुढे कळलं. वॉशरूमला मात्र इथेच जाऊन घ्या, पुढे काही नाही.

मग वाळूचे डोंगर. गाडी चढते तेव्हा समोर फक्त बॉनेट आणि आकाश, पलीकडे काय आहे काहीच दिसत नाही, आणि माथ्यावरून गाडी आडवी होऊन घसरायला लागली की पोट वरच राहतं. आई पहिल्यांदा "अगं बाई" म्हणाली, दुसऱ्यांदा गप्प, तिसऱ्यांदा चक्क हसायला लागली. ड्रायव्हर म्हणाला, "माँजी, धीरे चलाऊँ?" तर म्हणे, "नहीं नहीं, चलने दो." मी मागे पिशवी हातात धरून बसलेले. जहाजावरचा भरपेट नाश्ता करून अजिबात जाऊ नका, मी केला होता.

आणि शेवटच्या टेकाडावरून खोर अल अदैद दिसला. आखाताचं पाणी एका चिंचोळ्या वाटेने आत शिरून वाळवंटात पसरलंय, समोरच्या काठाला सौदी अरेबिया. रस्ता नाहीच, वाळूवरूनच यायचं. युनेस्कोच्या संभाव्य यादीत २००८ पासून आहे म्हणे. काठ असा नाहीच, वाळूचा उतार थेट पाण्यात जातो, मी पाय टाकला की वरून वाळूचा एक पापुद्रा सरकत यायचा आणि पाण्यात विरघळल्यासारखा दिसेनासा व्हायचा. गार वारा, जॅकेट असूनही कान थंड पडले. आई म्हणाली, "वाळू आणि समुद्र काय, अलिबागला पण आहे," आणि सँडल काढून जी बसली ती उठेचना. बरोबर विसाव्या मिनिटाला शिट्टी. ड्रायव्हर बिचारा काय करणार, त्याला वर जहाजाची वेळ.

ड्रायव्हरला पाच स्टार, जागेला पाच, टूरच्या आखणीला दोन. जहाजाच्या फीडबॅक फॉर्ममध्ये लिहिलं की उंटांकडची वीस मिनिटं समुद्राला द्या. संध्याकाळी केबिनमध्ये दिलगिरीचं कार्ड आलं, सोबत स्पाच्या मसाजवर सूट. मी चिडून बाजूला ठेवलं, आईने दुसऱ्या दिवशी जाऊन कंबरेसाठी वापरलं.