वल्हांडण ते मंडप : सणांची दोन वाचने आणि एक तक्ता

बायबलमधील लेवीय पुस्तकाच्या २३ व्या अध्यायातील सात यहुदी सण (वल्हांडण, बेखमीर भाकर, प्रथमफळ, सप्ताह, कर्णे, प्रायश्चित्त आणि मंडप) ज्याला अभ्यासवर्गात शिकवावयाचे असतात, त्याला पहिल्याच आठवड्यात एक निवड करावी लागते आणि ती पुढे लांबवता येत नाही. हे सण देवाच्या योजनेचे वेळापत्रक मानावयाचे, ज्यातील चार नोंदी पूर्ण झाल्या असून तीन प्रभूच्या द्वितीयागमनासाठी राखून ठेवल्या आहेत. की हे सातही सण एकाच ख्रिस्ताची छाया, म्हणजे पूर्वखूण, मानावयाचे, जिचा उलगडा त्याच्या पहिल्या येण्यातच झाला आणि शेवटाबद्दल जी आशा देते, तारीख देत नाही? ठाण्यात चरई येथे आमच्या घरी दर गुरुवारी रात्री आठ ते सव्वानऊ असा वर्ग भरतो. २०१४ पासून चार वर्षे मी पहिली पद्धत शिकवली, त्यानंतर दुसरी. पुढील मजकूर त्या अनुभवावर आधारलेला आहे. मी धर्मपंडित नाही, आणि माझ्याहून अधिक शिकलेल्या काही पाळकांचे मत याच्या उलट आहे, हे आधीच नमूद करतो.

वेळापत्रकाच्या वाचनाचे बळ कोणी नाकारू नये. वल्हांडणाचा, म्हणजे मिसरातील दास्यातून सुटकेच्या सणाचा, कोकरा आणि वधस्तंभ यांची सांगड पौलाने स्वतः करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात घातली आहे. पंधराव्या अध्यायात तो उठलेल्या ख्रिस्ताला प्रथमफळ म्हणतो. आणि सप्ताहांच्या सणाच्या दिवशी पवित्र आत्म्याचे उतरणे प्रेषितांच्या कृत्यांत स्पष्टच आहे. वसंतातील सण असे दिवसाबरहुकूम पूर्ण झाले असतील, तर शरदातील तीन सण, म्हणजे कर्ण्यांचा, प्रायश्चित्ताचा आणि मंडपांचा, हेही तसेच पूर्ण होतील, असा तर्क श्रोत्याच्या मनात आपोआप उभा राहतो. मधला कोरडा उन्हाळा म्हणजे मंडळीचा काळ, कर्णा म्हणजे मंडळीचे उचलले जाणे (विश्वासणाऱ्यांना प्रभूने वर नेणे), प्रायश्चित्ताचा दिवस म्हणजे इस्राएलाचा राष्ट्रीय पश्चात्ताप, मंडप म्हणजे ख्रिस्ताचे हजार वर्षांचे राज्य : ही मांडणी एका कार्डबोर्डवर मावते, आणि मी ती तशी मावविलीही होती. सात रकाने, वर सणाचे नाव, मध्ये इब्री महिना, खाली पूर्ती. पहिले चार रकाने शाईने भरले, शेवटचे तीन पेन्सिलीने. ज्या तरुणांनी लेवीय पुस्तक कधी उघडले नव्हते, ते त्या तक्त्यासाठी येऊ लागले, ही गोष्ट मी आजही त्या पद्धतीच्या जमेस धरतो.

छायेच्या वाचनाची सुरुवात त्या मानाने फिकी होते. कलस्सैकरांस पत्राचा दुसरा अध्याय, इब्री लोकांस पत्राचा नववा अध्याय, आणि योहानाच्या सातव्या अध्यायात मंडपांच्या सणाच्या शेवटच्या दिवशी उभे राहून तहानेल्यांना हाक मारणारा येशू, एवढीच त्याची मुख्य सामग्री. यात तक्ता नाही आणि उत्कंठाही नाही. वर्गातील एका ज्येष्ठ सदस्यांनी पहिल्या महिन्यानंतर मला विचारले होते, “म्हणजे पुढे काहीच व्हायचे नाही का?” त्या प्रश्नाला जखऱ्याच्या चौदाव्या अध्यायाने धार येते, कारण तेथे सर्व राष्ट्रांतील उरलेले लोक दरवर्षी मंडपांचा सण पाळण्यास वर येतील असे लिहिले आहे, आणि ते केवळ अलंकारिक आहे असे म्हणून पुढे जाणे मला आजतागायत प्रामाणिकपणे जमलेले नाही. त्या एका अध्यायापुरते पारडे पहिल्या वाचनाकडे झुकते, असे मी मोकळेपणाने सांगतो.

तरीही शिकवता शिकवता पहिल्या वाचनातील काही सांधे सैल असल्याचे ध्यानात येते. ‘दिवसाबरहुकूम’ हा शब्दच पाहा. प्रथमफळाची पेंढी शब्बाथाच्या दुसऱ्या दिवशी ओवाळावी, असे लेवीय म्हणते. परंतु कोणता शब्बाथ, यावर परूशी आणि सदूकी या दोन यहुदी पंथांचा वाद होता. परूशी सणाच्या पहिल्या दिवसालाच शब्बाथ मानीत, तर सदूकी सणातील शनिवार धरीत. पुनरुत्थानाचा रविवार कोणत्या हिशेबाने प्रथमफळाच्या दिवशी बसतो, हे त्या वादाच्या निकालावर अवलंबून आहे. शिवाय पहिल्या तीन शुभवर्तमानांत शेवटचे भोजन हेच वल्हांडणाचे भोजन आहे, तर योहानाच्या वृत्तांतात वल्हांडणाच्या तयारीच्या दिवशी येशू वधस्तंभावर आहे. या दोन्हींचा मेळ घालणारी उत्तरे आहेत. मात्र घड्याळाच्या काट्याइतका नेमकेपणा त्यांत उरत नाही.

कर्ण्यांच्या सणाबाबत तर या वाचनाच्या पुरस्कर्त्यांतच एकमत नाही. १९०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्कोफील्ड यांच्या टीपांसहित बायबलने, ज्याच्यामुळे ही युगवादी, म्हणजे देवाची योजना ठरावीक युगांत विभागणारी, शिकवण जगभर पसरली, या सणाचा अर्थ पांगलेल्या इस्राएलाचे पुन्हा एकत्र येणे असा लावला होता. मंडळीचे उचलले जाणे असा नव्हे. आज व्हिडिओंतून जे ऐकू येते, ते नेमके दुसरे आहे. आणि प्रायश्चित्ताचा दिवस अजून यावयाचा आहे, असे पेन्सिलीने लिहिताना इब्री लोकांस पत्राचा लेखक माझ्या खांद्यावरून डोकावत असल्यासारखे वाटे, कारण त्याच्या मते तर महायाजक ख्रिस्त आपले रक्त घेऊन परमपवित्रस्थानात (जेथे यहुदी महायाजक फक्त प्रायश्चित्ताच्या दिवशी जाई) एकदाच आणि कायमचा जाऊन आला आहे.

एवढ्यावर मात्र मी पद्धत बदलली नसती. मला बदलावयास लावले ते एका रोजच्या कटकटीने, आणि ती कटकट म्हणजे पंचांग.

वेळापत्रक शिकवले की वेळ विचारली जाणारच. दरवर्षी गणपती गेले की वर्गातील प्रश्न लेवीयातून उठून कॅलेंडरात जाऊन बसत. इब्री दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. मग तो ठाण्याचा सूर्यास्त धरावयाचा की यरुशलेमचा, कारण तेथे सूर्य मावळतो तेव्हा आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजून गेलेले असतात? सण एका दिवसाचा असताना आज तो दोन दिवस का पाळतात? एकोणीस वर्षांत सात अधिक महिने घालणारे हे गणित मोशेच्या काळी नव्हते, मग देव कोणते गणित पाळतो? ‘तो दिवस व ती घटका कोणाला ठाऊक नाही’ हे येशूचे वाक्य मुळात कर्ण्यांच्या सणाचेच टोपणनाव होते, असे कोणीतरी हमखास सांगे. तो सण नवचंद्र दिसण्यावर अवलंबून असे, आणि नवचंद्र पाहणाऱ्या साक्षीदारांची तपासणी मिश्ना या जुन्या यहुदी नियमसंग्रहात तपशीलवार वर्णिलेली आहे, हे खरे. परंतु त्या टोपणनावाचा त्या काळातील लेखी आधार मला आजवर कोणी दाखविलेला नाही, आणि एखाद्या वाक्यात ‘ठाऊक नाही’ असे म्हटले असताना त्यातूनच तारीख काढणे मला नेहमीच थोडे संकोचाचे वाटत आले.

२१ सप्टेंबर २०१७ चा गुरुवार मला विशेष आठवतो. त्या दिवशी यहुदी नववर्ष, म्हणजेच कर्ण्यांचा सण, होते, आणि योगायोगाने घटस्थापनाही. टेंभी नाक्याकडील ढोलताशांमुळे आम्ही खिडक्या लावून बसलो होतो. दोन दिवसांनी, म्हणजे २३ तारखेला, प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायातील स्त्रीचे चिन्ह कन्या राशीत दिसणार, अशी वार्ता तेव्हा सर्वत्र फिरत होती. सव्वा तासांपैकी जवळजवळ एक तास तीवर गेला. शेवटी प्रार्थनेसाठी विषय मागितले, तेव्हा एका बाईंनी दबक्या आवाजात सांगितले की त्यांच्या यजमानांची सोमवारी शस्त्रक्रिया आहे. त्या हे आठ वाजल्यापासून सांगू पाहत होत्या आणि त्यांना मध्ये जागाच मिळाली नव्हती. सोमवार उजाडला, शस्त्रक्रिया झाली, आणि मी तक्त्यावरील पेन्सिलीचे रकाने खोडले. खोडरबराने तेथील कागद आधीच पातळ झाला होता, कारण २०१४ आणि २०१५ मधील चार चंद्रग्रहणांच्या वेळीही मी तेथे काहीबाही लिहून पुसले होते. ती ग्रहणे वल्हांडण आणि मंडप या सणांवर आली, याचे तेव्हा मोठे नवल झाले होते. पण हे दोन्ही सण पंधराव्या तिथीला सुरू होतात आणि चंद्रग्रहण पौर्णिमेखेरीज होत नाही, हे संकष्टीचा चंद्रोदय पाहणाऱ्या शेजाऱ्यांमध्ये वाढलेल्या माझ्यासारख्या माणसाला तरी आधी सुचावयास हवे होते.

ही खोड माझ्या एकट्याच्या वर्गाची नव्हती. अमेरिकेत विल्यम मिलर या उपदेशकाच्या अनुयायांनी प्रभूच्या येण्याची २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख प्रायश्चित्ताच्या दिवसावरूनच ठरविली होती, आणि तीही कराईट या यहुदी पंथाच्या गणनेने, कारण प्रचलित यहुदी गणनेनुसार तो दिवस त्या वर्षी सप्टेंबरातच होऊन गेला होता. १९८८ मध्ये एडगर व्हिझनंट या निवृत्त अभियंत्याने ११ ते १३ सप्टेंबर असे यहुदी नववर्षाचे दिवस दिले, आणि ते गेल्यावर पुढील वर्ष दिले. सप्टेंबर २०२५ मध्ये पुन्हा २३ व २४ तारखा आल्या, पुन्हा त्याच सणाच्या. प्रत्येक वेळी सांगणारे निराळे होते, आणि वेळापत्रकाचे वाचन मानणारे अनेक संयमी शिक्षक तारखा काढण्याचा निषेधच करतात, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. तथापि ज्या तक्त्यात तीन रकाने मोकळे ठेवलेले असतात, तो तक्ता वर्गातील कोणाला तरी पेन्सिल उचलावयास लावतोच, एवढे माझ्या घरात मला दिसले.

ठाण्यात राहणाऱ्याला या प्रश्नाची आणखी एक बाजू भेटते. टेंभी नाक्याजवळ १८७९ पासून बेने इस्राएलांचे, म्हणजे मराठी यहुद्यांचे, सिनेगॉग (प्रार्थनामंदिर) आहे, आणि ज्या सणांना आपण भविष्याच्या खुणा म्हणतो ते तेथील लोक मराठी नावांनी ओळखतात : नववर्ष म्हणजे नव्याचा सण, प्रायश्चित्ताचा दिवस म्हणजे दारफळणीचा सण. आमच्या जुन्या चाळीतील एका काकूंना मी एकदा फोन करून पुढील वर्षीची दारफळणी कधी येते ते विचारले. त्यांनी तारीख सांगितली आणि सहज विचारले, “तुला कशाला रे? उपास करतोस का?” मी काहीतरी पुटपुटलो. त्या दिवशी दार लावून पांढऱ्या वस्त्रांत उपाशी बसणाऱ्या बाईंना, त्यांचा सण माझ्या कार्डबोर्डवरील सहावा रकाना आहे, हे सांगणे मला जमले नाही. छायेचे वाचनही त्या सणांचा ख्रिस्ती अर्थच लावते, त्यामुळे या बाबतीत ते अगदी निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही. परंतु त्यासाठी मला काकूंकडून तारीख तरी मागावी लागत नाही.

तेव्हा ज्यांच्या वर्गात शास्त्राची नवी ओळख होत असलेले तरुण अधिक आहेत आणि शिक्षकाच्या अंगी प्रश्नांना आवर घालण्याची ताकद आहे, त्यांनी वेळापत्रकाचे वाचन घेतले तर मी त्यांना अडवणार नाही. ज्यांच्या वर्गात आजारी, थकलेले, नोकरीवरून लोकलचा प्रवास करून येणारे लोक आहेत, त्यांना बहुधा छायेचे वाचन अधिक सोसेल. आमच्याकडे तरी ते सोसले, आणि जखऱ्याचा चौदावा अध्याय आम्ही शेवटच्या गुरुवारी, उत्तर न देता, नुसता मोठ्याने वाचतो. दोहोंपैकी काहीही निवडले तरी वर्ग दिवाळीनंतर सुरू करावा. नोव्हेंबरात लेवीय उघडले की शुभ शुक्रवाराच्या आसपास वल्हांडणाशी पोहोचता येते, मंडपांचा सण मे महिन्याच्या सुट्टीपूर्वी आटोपतो, आणि सप्टेंबर येईपर्यंत वर्ग रूथच्या पुस्तकात गेलेला असतो.