ऐरोलीच्या बोटसफरीचे खोटे आरक्षण: आमच्या मित्रमंडळींची झालेली फसवणूक

ठाणे खाडीतील रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, दाखवणाऱ्या बोटीचे आरक्षण करून देतो असे सांगून फेब्रुवारी महिन्यात एका भामट्याने आमच्या गटाकडून 16,500 रुपये उकळले. हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत ठाणे आणि नवी मुंबईत पाहुणे येण्याचा हंगाम असतो आणि त्यांतल्या अनेकांना हीच सफर करायची असते, म्हणून झालेला प्रकार तपशिलाने लिहीत आहे.

नाशिकच्या महाविद्यालयात एकत्र शिकलेली आम्ही अकरा जणे बऱ्याच वर्षांनी ठाण्यात जमणार होतो. शनिवारी तलावपाळी आणि कोपिनेश्वर मंदिर, रविवारी सकाळी खाडीतून फेरी आणि नंतर बेलापूरचा किल्ला, असा साधा बेत होता. विदर्भातून येणाऱ्यांना बोटीचे विशेष आकर्षण होते, त्यामुळे आरक्षणाचे काम नागपूरच्या मैत्रिणीने हौसेने अंगावर घेतले. खाडीचा हा भाग 2015 मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाला, 2022 मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला आणि ऐरोलीला वन विभागाच्या कांदळवन कक्षाचे जैवविविधता केंद्रही आहे. भामट्याने नेमका या सरकारी ओळखीचा आधार घेतला होता. समाजमाध्यमावरील त्याच्या पानाचे नाव केंद्राच्या नावाशी मिळतेजुळते होते, छायाचित्रे खरीखुरी होती आणि खाली व्हॉट्सॲपचा क्रमांक दिला होता.

तिने रविवारी अकराची वेळ मागितली, तेव्हा त्याने ती चक्क नाकारली. "ताई, त्या वेळी सुकती असते, बोट गाळात रुतेल. सातला या, पाणी असेल," असे तो शुद्ध मराठीत म्हणाला. आमचा सगळ्यांचा विश्वास बसला तो या नकारामुळे, कारण पैसे लाटायला बसलेला माणूस मागेल ती वेळ देईल अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात ओहोटीला खाडी उथळ होते आणि बोटीच्या वेळा भरतीवर ठरतात ही गोष्ट कुठेही वाचायला मिळते, भरती-ओहोटीची वेळापत्रके सर्वांना खुली असतात आणि भरतीची वेळ दररोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते एवढे ठाऊक असले की कोणीही खाडीचा जाणकार म्हणून बोलू शकतो. विषयाची माहिती असणे आणि त्या संस्थेचा माणूस असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याने आमच्या नजरेतून फार सफाईने सुटू दिले.

माणशी 500 रुपयांप्रमाणे 5,500 रुपये आगाऊ पाठवताना पडद्यावर एका ट्रेडिंग फर्मचे नाव आले. त्याचे उत्तर तयार होते: बोटींचे कंत्राट आमच्या फर्मकडे आहे. सरकारी ठिकाणची वाहनतळे आणि उपाहारगृहे कंत्राटाने चालतात हे आपण रोज पाहतो, त्यामुळे हे उत्तर पटण्यासारखेच होते. थोड्याच वेळात नावे, आसनक्रमांक आणि क्यूआर कोड असलेले तिकीटही आले.

शनिवारी रात्री आम्ही जेवत असताना त्याचा पुन्हा फोन आला. लाइफ जॅकेटची अनामत माणशी 1,000 रुपये भरावी लागेल, ती सफर संपताच परत मिळेल आणि रात्रीतून न भरल्यास जागा प्रतीक्षायादीतल्या लोकांना जाईल, असे त्याने सांगितले. ही वेळ त्याने विचारपूर्वक निवडली असावी, कारण रात्री कार्यालय बंद असते, चौकशी करणार कोणाकडे? शिवाय लांबून आलेली माणसे सकाळचा बेत मोडायला तयार नसतात. अकरा हजार रुपये गेले.

रविवारी ऐरोलीच्या प्रवेशद्वारावर यादीत आमची नावे नव्हती. तिथूनच त्याला फोन केला, तेव्हाही तो न डगमगता दिलगिरी व्यक्त करत होता. फेरी रद्द झाली आहे, सगळे पैसे आत्ता परत करतो, पाठवलेला कोड स्कॅन करा आणि पिन टाका, असे तो म्हणाला. आमच्यातला एकजण बँकेत नोकरीला आहे, त्याने मैत्रिणीच्या हातातून फोन अक्षरशः ओढून घेतला. यूपीआयवर पैसे स्वीकारण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन मागितला जातो तो पैसे जाण्यासाठीच. तिसरा घाला तिथे टळला.

त्याच जागेवरून आम्ही 1930 या राष्ट्रीय सायबर मदतवाहिनीवर तक्रार नोंदवली. पलीकडून बँकेचे नाव, रक्कम, वेळ आणि प्रत्येक व्यवहाराचा बारा अंकी यूटीआर, म्हणजे व्यवहाराची ओळख पटवणारा, क्रमांक विचारतात, तेव्हा हे तपशील आधी काढून ठेवावेत. एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात असे पैसे झपाट्याने फिरवले जातात, म्हणून पहिल्या काही तासांना इतके महत्त्व असते. आमची आगाऊ रक्कम केव्हाच पुढे गेली होती, रात्रीच्या अनामतीतला काही भाग मात्र एका खात्यात गोठवला गेला. बँकेकडून भरपाईची आशा आम्हाला फारशी नाही. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकात ग्राहकाच्या संमतीवाचून झालेल्या व्यवहारांना संरक्षण आहे. आपण स्वतः पिन टाकून पाठवलेल्या पैशांचे प्रकरण त्यात सहज बसत नाही.

सफर करायचीच असेल तर केंद्राच्या अधिकृत संकेतस्थळावरून किंवा प्रत्यक्ष तिथे जाऊन चौकशी करावी, शोधयंत्रात वर आलेला क्रमांक केंद्राचाच असेल असे धरून चालू नये आणि पैसे घेणाऱ्याचे नाव केंद्राशी जुळत नसेल तर कोणतेही स्पष्टीकरण ऐकून घेऊ नये. बोट मिळाली नाही तरी पाहुण्यांना परत पाठवायचे कारण नाही. आम्ही नेरूळला गेलो आणि पाम बीच रस्त्यालगतच्या पाणथळीच्या काठावरून पक्षी पाहिले, त्याला तिकीट लागत नाही.

ते पान आमच्या तक्रारीनंतर बंद झाले. मात्र तीच छायाचित्रे आणि नवा क्रमांक असलेले दुसरे पान आता दिसू लागले आहे. त्याचे पडदाचित्र आम्ही मूळ तक्रारीला जोडण्यासाठी पोलिसांकडे दिले आहे.