मांगरासाठी लाकूड: ऐन, किंजळ, फणस, साग आणि वखारीतला पाईन

सरपण, गवत, अवजारं ठेवायचा १२ बाय १६ फुटांचा कौलारू मांगर अख्खा सागात उभा करायची काहीच गरज नाही. कोकणातल्या वखारींत जे लाकूड सहज मिळतं, त्यातलं कुठलं कुठे चालतं याचं हे परीक्षण. नुसत्या जातीवर जाऊ नका. गाभा (खोडाच्या आतलं पक्कं लाकूड) किती आहे, लाकूड वाळलंय किती आणि ते कुठे बसणार आहे, या तीन गोष्टी आधी बघा.

हिशोबाला हा आराखडा धरू: ५×५ इंची ८ फुटांचे ६ खांब, ४×६ इंची १८ फुटांच्या दोन तुळया आणि तेवढंच आढं, १२ फुटांच्या ३ आडव्या तुळया, आढ्याखाली ३ ठोकळे. दर दोन फुटांवर २×४ इंची साडेनऊ फुटी वासे, म्हणजे एकूण २०. मंगलोरी कौलांना साधारण साडेबारा इंचांवर एक रीप (कौलं टेकतात ती आडवी पट्टी) लागते, म्हणजे दोन्ही पाख्यांना मिळून १८ फुटी २० रिपा. रुंदी आणि जाडी इंचांत, लांबी फुटांत घेऊन गुणा आणि १४४ ने भागा. सगळं मिळून सुमारे ४० घनफूट होतं. घट धरून ४४ घ्या.

ऐन: खांब आणि तुळयांसाठी पहिली पसंती. ताकद भरपूर आणि दर सागापेक्षा बराच कमी. वजनाची मात्र तयारी ठेवा. वाळलेल्या ऐनाची १८ फुटी तुळई ७० किलोच्या आसपास जाते, ती चढवायला चार माणसं हवीत. ऐनाची खोड वाळताना दिसते. घाईने उन्हात टाकलं की टोकं फुटतात आणि चिरा आत शिरतात. म्हणून कापल्याबरोबर दोन्ही टोकांना डांबर किंवा मेण लावायचं, थरांमध्ये इंचभर जाडीच्या पट्ट्या एकाखाली एक घालून सावलीत रचायचं आणि वर वजन ठेवायचं. ओला ४ इंची नग वाळल्यावर दोन सूत (पाव इंच) कमी भरू शकतो. ओल्यातच कूस (भोकात शिरणारं निमुळतं टोक) आणि भोक घट्ट बसवलं, तर उन्हाळ्यात सांधा खुळखुळतो. खिळ्याआधी भोक पाडा, नाहीतर टोक हमखास फाटतं. वाळवीपुढे ऐनाचा गाभा सागाइतका खंबीर नाही, म्हणून तो मातीत पुरू नका.

किंजळ: वाशांसाठी उत्तम. ऐनापेक्षा थोडी हलकी. नग निवडताना एका टोकाला डोळा लावून वाक आणि पीळ बघा. लाकडाची रेषा फुटाला एक इंचापेक्षा जास्त तिरकी जात असेल तर तो वासा परत करा. कौलांच्या वजनाखाली तो त्याच रेषेत मोडतो.

फणस: दाराच्या चौकटीला आणि आखूड खांबांना. पिवळा गाभा टिकाऊ, रंध्याला सोपा. सरळ लांब नग क्वचितच मिळतो, त्यामुळे तुळयांसाठी विसरा.

साग: फक्त रिपांना. इंचभर जाडीची पट्टी खिळ्याने फाटू नये आणि वाकू नये, हे काम सागाइतकं चांगलं कोणी करत नाही. पण कोवळ्या सागापासून सावध राहा. विरळणीत निघालेल्या बारीक ओंडक्याच्या नगाला कडेने पांढरा भाग राहतो आणि भुंगा व वाळवी तिथूनच सुरुवात करतात. साग आहे म्हणून तो पांढरा भाग टिकत नाही. एका कोपऱ्यात बोटभर पांढरं दिसलं तरी दर कमी करून मागा.

आयात पाईन: छपराचा भार यावर नको. सरळ, हलका, दिसायला देखणा. पण वखारीत येतो तो बहुतेक पेट्या आणि शटरिंगचा माल, दाबाखाली औषध न मुरवलेला. कोकणातल्या पावसाळ्यात त्याला आधी निळसर बुरशी येते, मग कूज. निलगिरीही नको, ती कापतानाच ताणाने फुटते आणि वाळताना पिळते. आंबा फळ्यांपुरता ठीक.

वाळलंय का हे ठोकून ठरवू नका. टोकापासून दीड फूट आतला एक इंच जाडीचा तुकडा कापून लगेच वजन करा. मग १०३ अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये वजन उतरायचं थांबेपर्यंत ठेवा. आधी २६० ग्रॅम आणि नंतर २०० ग्रॅम भरला, तर ओल ३० टक्के. २० टक्क्यांच्या खाली असल्याशिवाय चढवू नका, त्याखाली बुरशी वाढत नाही.

खांब नेहमी जमिनीलगतच कुजतो, कारण ओल आणि हवा दोन्ही तिथेच मिळतात. काँक्रीटमध्ये गाडला तर पाणी उलट अडकून बसतं. जमिनीपासून किमान ९ इंच उंच जांभ्याचा किंवा काँक्रीटचा ठोकळा करा, मध्ये लोखंडी पिन घ्या आणि वरचा माथा उतरता ठेवा. खांबाच्या बुडाला उभ्या नसांतून पाणी चढतं, तिथे डांबराचे दोन हात द्या. पाखं भिंतीबाहेर दोन फूट हवं, म्हणजे पागोळ्यांचे शिंतोडे खांबावर येत नाहीत.

छपराखालच्या लाकडाला बोरॅक्स ६०० ग्रॅम आणि बोरिक ॲसिड ४०० ग्रॅम, १० लिटर कोमट पाण्यात विरघळवून ब्रशने दोनतीनदा मारा. पावसात भिजणाऱ्या भागाला हे निरुपयोगी, धुऊन जातं. गाभ्यातही फारसं मुरत नाही, त्याचा उपयोग राहून गेलेल्या पांढऱ्या कडांपुरता.

आणि कागद. साग, ऐन, किंजळ, फणस, खैर ही झाडं महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत आहेत. आपल्याच आवारातलं झाड तोडणार असाल तर आधी परवानगी घ्या. वखारीतून घेताना बिलावर जात, घनफूट आणि ओला की वाळलेला माल हे लिहून घ्या. वाहतूक परवान्याबद्दल गाडी भरण्याआधीच विचारा.